डाव्या मोज्याचा हातगुण

मित्रांनो, मी एक जुना रबरी हातमोजा आहे. डाव्या हाताचा. रंगाने काळा, लांबीने थेट खांद्यापर्यंत, आणि सध्या मुक्काम एका प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या खुंटीवर. खुंटीला टांगलेल्या वस्तूला मुद्दाम मान खाली घालावी लागत नाही, ती आपोआपच खाली असते. माझ्या बाबतीत ते बरेच झाले. कारण माझी गोष्ट मान वर करून सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो. तुम्ही हसाल, हसा. त्याची मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे चिनीमातीचे हात रांगेने टांगलेले असतात. ते पातळ काळ्या रबरात बुडवायचे, वर काढायचे, वाळवायचे आणि पुन्हा बुडवायचे. असा थरावर थर चढला की भट्टीत शेकायचे आणि मग केळ्याची साल काढावी तसा मोजा सोलून घ्यायचा. माझ्या मागोमाग उजवा निघाला. आम्ही जुळे भाऊ. माल तपासणाऱ्या बाईंनी मला ताणून पाहिले, उजेडासमोर धरले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ कसला दणकट आहे! ह्यातून वारासुद्धा जायचा नाही." झाले! ते शब्द माझ्या डोक्यात जे गेले ते कायमचे. मित्रांनो, लहान वयात फार स्तुती ऐकू नये. ती पचत नाही.

पुढे आम्हा दोघांना काचेच्या एका भल्या मोठ्या पेटीला बसवले. ह्या पेटीत हवा नसते, फक्त कोरडा नायट्रोजन वायू असतो. पेटीला समोर दोन गोल खिडक्या असतात. त्यांना आमची तोंडे घट्ट आवळलेली. बाहेरच्या माणसाने आमच्यात हात घालायचे आणि आतले काम करायचे. त्याचे हात आत जातात, पण त्यांच्याबरोबर हवा आत जाता कामा नये, ही आमची चाकरी. पेटीतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त असतो. म्हणून कुणी हात घातलेले नसले की आम्ही उलटे होऊन खोलीत ताठ बाहेर येतो. नवखा माणूस दार उघडून आत आला की दोन काळे हात आपल्यावर रोखलेले बघून दचकायचा आणि मग स्वतःलाच हसायचा.

त्या पेटीत पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे पातळ थर वाढवायचे काम चाले. सगळे त्याला 'फिल्म' म्हणत. काचेच्या लहानशा चौकोनी तुकड्यावर पिवळ्या द्रावणाचे थेंब सोडायचे, तो तुकडा चकतीवर गरगर फिरवायचा, फिरता फिरता नेमक्या क्षणी दुसऱ्या द्रवाची बारीक धार सोडायची आणि लगेच तो तुकडा हॉट प्लेटवर ठेवायचा. मग पिवळा थर डोळ्यांदेखत तांबूस होतो, तपकिरी होतो, आणि साधला तर शेवटी काळाभोर होऊन आरशासारखा चमकतो. केसापेक्षा कितीतरी पातळ असा हा थर उजेड पडला की वीज वाहू देतो. त्याचा त्यांना एक डोळा बनवायचा होता, अगदी मंद उजेडही ओळखणारा. असा डोळा जमला तर दवाखान्यात लहान मुलांचे एक्स-रे पुष्कळ कमी किरणांत काढता येतील, असे सर सांगत. पण थर गढूळ आला की त्या डोळ्यात फूल पडलेच म्हणून समजा.

आणि थर गढूळ होतो ओलीने, अशी सगळ्यांची पक्की समजूत. पाणी म्हणजे पेरोव्स्काइटचा सात जन्मांचा वैरी. मी त्या वैऱ्याला दारात अडवणारा पहारेकरी. माझा तोरा काय विचारता!

प्रयोगशाळेत मुख्य माणसे तीन. निवृत्तीला आलेले सर, आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी दोघे. सर त्यांना थोरला आणि धाकटी म्हणत, म्हणून सगळेच तसे म्हणत. थोरला बरीच वर्षे फिल्म करत होता. पण आरशावर कुणी तोंडाची वाफ सोडावी तशा त्याच्या फिल्म धुरकट यायच्या. मग धाकटी आली. थोरल्यानेच तिला सगळे शिकवले. आणि थोड्याच दिवसांत तिच्या फिल्म काळ्या, स्वच्छ, तुकतुकीत येऊ लागल्या. थोरला बघतच राहिला.

तिची एक लकब होती. हॉट प्लेटवर फिल्म ठेवली की ती डावा तळवा त्यावर आडोशासारखा धरायची, वाऱ्यात दिव्याच्या ज्योतीवर धरतात तसा. पेटीत वरून वायूचा झोत येतो, त्याने फिल्म एका बाजूने गार होते, असे तिला वाटायचे. थोरल्याला ते पटत नसे. "पोळी भाजतेस का?" म्हणून तो चिडवायचा. पण फिल्म तिची यायची. शेवटी एके दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली बुद्धी कितीही असो, काही माणसांच्या हातालाच गुण असतो. हिच्या हाताला गुण आहे." 'हातगुण' हा शब्द मग साऱ्या मजल्यावर पसरला. शेजारच्या खोलीतले लोकही आपले रुसलेले यंत्र सुरू करायला तिला बोलावून न्यायचे. ती आधी हसून सोडून द्यायची. हळूहळू तिलाही ते खरे वाटू लागले. आणि मी? मी मनात म्हणायचो, गुण हाताला असेल, पण तो हात कुणाच्या आत आहे?

फिल्म नीट येऊ लागल्यापासून त्या खोलीत एक विचित्र सोवळे सुरू झाले. काही म्हणता काही बदलायचे नाही. तीच बाटली, तोच चिमटा. धाकटीचा पांढरा कोट इतका कळकट झाला की तो आता आपल्या पायांनी धुवायला जाईल, असे थोरला म्हणे. खरे तर मोजे ठरावीक काळाने उतरवून तपासायचे असतात. पण सर म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला?" मलाही तो माझा सन्मानच वाटला. शंका नसलेल्यालाच तपासत नाहीत, नाही का?

धाकटीची आई दुपारी नेमकी काम ऐन रंगात आले की फोन करायची. थोरला फोनचा स्पीकर चालू करून पेटीवर ठेवायचा.

"आई, माझे हात अडकलेत."

"तुझे हात मोकळे कधी असतात? त्या पेटीशीच लग्न लाव म्हणजे झालं. जेवलीस का?"

"जेवते. आई, नाकाला खाज सुटलीय, आणि हात काढता येत नाहीत."

"मग त्या थोरल्याला सांग ना नाक खाजवायला!"

थोरला पळून जायचा आणि ती काचेवर नाक घासायची. काचेवर तिच्या नाकाचा एक डाग कायम असायचा. ते दिवस चांगले होते, मित्रांनो.

तिचा शोधनिबंध छापून आला. 'कोरड्या, शुद्ध वायूत वाढवलेली फिल्म' असा त्यात सरांचा आवडता शब्दप्रयोग होता. नाव झाले. मग दुसऱ्या एका संस्थेतल्या बाई तसेच करून पाहू लागल्या. त्यांच्याकडे फिल्म येईचना. त्यांनी विचारणा केली, पुन्हा केली. धाकटीने सगळे बारकावे कळवले, अगदी तळव्याच्या आडोशासकट. तरी नाही. शेवटी सर म्हणाले, "प्रत्यक्षच या. आमची धाकटी तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवेल."

पाहुणे येणार म्हणून खोली झाडली, पुसली. काचेवरचा नाकाचा डागही गेला. आम्हा भावांकडे बघून सरांनी तोंड वाकडे केले. "हे सुरकुतलेले मोजे बरे दिसत नाहीत. नवे बसवा." आम्हाला उतरवले. उजव्याचे तुकडे करून थरथरणाऱ्या पंपाच्या पायाखाली घातले. मीही त्याच वाटेने गेलो असतो, पण धाकटी म्हणाली, "डावा राहू दे. शकुनाचा आहे." तिने मला खुंटीला टांगले. तिथून मला सगळे दिसत होते.

बाई आल्या, त्यांच्याबरोबर आणखी दोघे. धाकटीने नव्या मोज्यांत हात घातले. थेंब सोडले, चकती फिरवली, धार सोडली, तळव्याचा आडोसा धरला. फिल्म तांबूस झाली, तपकिरी झाली आणि तिथून पुढे जी बिघडली ती राखेसारखी धुरकट. धाकटी हसली, म्हणाली, "पुन्हा करते." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिच्या मानेवर घाम आला होता आणि तो पुसायला हात मोकळे नव्हते.

"आज हवा जरा दमट आहे," सर म्हणाले.

"पण पेटीत हवा नसते ना?" बाईंनी अगदी सौम्यपणे विचारले.  चहा गार झाला. पाहुणे लवकरच निघाले.

ते गेल्यावर सर एवढेच म्हणाले, "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मग थोरला जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. ते निबंधातले आकडे... थोडे घडवलेले होते का?"

तिने त्याच्याकडे बघितले.  त्या दिवसापासून ती सगळ्यांबरोबर चहाच्या खोलीत बसेनाशी झाली. डबा घेऊन जिन्यात बसायची आणि बऱ्याचदा तो तसाच परत न्यायची.

आणि त्या वेळी खुंटीवर मी काय करत होतो? मी खूश होतो. मित्रांनो, हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या कोऱ्या करकरीत मोज्याची फजिती बघून मला उकळ्या फुटत होत्या. बघा, माझ्यावाचून अडले! ह्या पोराला पहारा देता येत नाही! धाकटीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता, लोक तिला खोटी ठरवत होते, आणि मी माझ्या मोठेपणाचे हिशेब करत होतो.

ती रोज सगळे पहिल्यापासून करून बघे. द्रावण नवे, काच नवी, चिमटा जुना. फिल्म धुरकटच. एका दुपारी हात धुऊन ती माझ्यापाशी आली. सवयीने की आठवणीने, कुणास ठाऊक, तिने ओला हात माझ्यात घातला. एरवी ती आत पातळ पांढरा मोजा घालायची, आज हात उघडा होता. वर एसीचा वारा सुटला होता. ती एकदम थबकली.

"इथे गार लागतंय," ती म्हणाली. "अंगठ्याच्या मुळाशी."

थोरल्याने मान वर केली. तिने मला खुंटीवरून काढले, बेसिनपाशी नेले आणि नळ सोडून काठोकाठ पाण्याने भरले. मी फुगलो. दोन्ही मुठींनी तिने माझे तोंड आवळले. आणि माझ्या अंगठ्याच्या मुळातून सुईसारखी एक बारीक चिळकांडी उडाली, ती थेट थोरल्याच्या बुटावर.

मला भोक होते. ज्याच्यातून वारासुद्धा जायचा नाही, त्या मला भोक होते! कधी पडले, फुटक्या काचेने की चिमट्याच्या टोकाने, मला ठाऊक नाही. मी आपला वर्षानुवर्षे छाती काढून पहारा देत होतो, आणि चोर माझ्याच अंगातून ये-जा करत होता. मला त्या बेसिनच्या जाळीतून वाहून जावेसे वाटले.

धाकटीच्या डोक्यात मात्र चक्रे फिरू लागली होती. "हात बाहेर ओढला की पेटीतला दाब क्षणभर पडतो," ती म्हणाली. "खोलीतली दमट हवा ह्या भोकातून आत जाणार. ओल मोजणारा मीटर पेटीच्या त्या टोकाला, त्याला काय कळणार? आणि माझा तळवा नेमका फिल्मवर. म्हणजे प्रत्येक फिल्मला मी ओलसर फुंकर घालत होते."

"ओलीने फिल्म बिघडते," थोरला म्हणाला.

"जास्त ओलीने. थोडीशी लागत असेल तर?"

त्यांनी मला पुन्हा पेटीला बसवले. सर येऊन मागे उभे राहिले. धाकटीने फिल्म केली. ती तांबूस झाली, तपकिरी झाली, काळी झाली आणि चमकली. इतकी सुंदर फिल्म झाली, पण टाळी कुणीच वाजवली नाही. धाकटीने हात बाहेर काढले आणि ती स्टुलावर बसली. "म्हणजे माझ्या हाताला काही गुणबिण नव्हता," ती म्हणाली. मीही तेच म्हणत होतो, फक्त मला आवाज नव्हता.

थोरला पुढे आला. "हे बघा, ऐका. मोजा परत बसलाच आहे. बाईंना पुन्हा बोलवू. समोर फिल्म करून दाखवू. भोक कुणाला दिसतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

सर नाही म्हणाले नाहीत, मित्रांनो. मी त्यांच्याकडे बघत होतो. सगळी हयात घालवून मिळालेले नाव होते. त्यांचा तो 'कोरडा, शुद्ध वायू' छापून गेला होता. जगाला काय सांगणार, की आमचे यश फाटक्या मोज्याचे आहे?

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने थोरल्याने स्पीकर लावला.

"जेवलीस का?"

"आई," धाकटी म्हणाली, "आई, माझ्या मोज्याला भोक होतं. इतके दिवस. कुणाला कळलंच नाही."

"अगं बाई! तुझ्या हाताला तर काही झालं नाही ना? तूच म्हणाली होतीस, त्या पिवळ्या पाण्यात शिसं असतं, विषारी असतं म्हणून. हात बघ आधी. डॉक्टरला दाखव. ऐकतेस ना?"

 भोक सापडल्यापासून फिल्मचे काय, पाहुण्यांचे काय, नावाचे काय, सगळ्याचा विचार झाला होता. तिच्या हाताचा विचार एकालाही सुचला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर त्या हातासाठीच जन्मलो होतो. सरांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने उगीचच पुसत राहिले.

"मोजे तपासू नका, असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "आधी दवाखान्यात जाऊन ये. थोरल्या, तू जा बरोबर. बाईंना मी कळवतो."

हात ठीक होता. आतल्या पांढऱ्या मोज्याने लाज राखली होती. धाकटी परत आली ती ठरवूनच. "सर, फिल्म माझी होती. मीच सांगते."

बाईंच्या संस्थेत सभा भरली. सभागृहात पुढच्या रांगेत सर आणि थोरला. धाकटीने पिशवीतून मला काढले, सगळ्यांसमोर बाटलीतले पाणी माझ्यात ओतले आणि माझे तोंड आवळले. चिळकांडी उडाली. मागच्या रांगांतून हसू फुटले. तिचे कान लालबुंद झाले. "लोक म्हणायचे, माझ्या हाताला गुण आहे," ती म्हणाली. "तो गुण हा. कोरड्या वायूत फिल्म वाढवली असं मी छापलं. तो वायू कोरडा नव्हता. तुमच्याकडे फिल्म आली नाही, कारण तुमचे मोजे चांगले होते." मग कुणी हसले नाही.

बाई उठल्या. त्या रागावतील असे मला वाटले होते.  पण त्या म्हणाल्या, "माझा एक विद्यार्थी होता. हीच फिल्म करायला बसवला होता त्याला. येईना, येईना. मी त्याला म्हटलं, तुझा हात स्थिर नाही, हे काम तुझं नाही. तो सोडून गेला. आता भावाच्या किराणा दुकानात बसतो."

 सभा संपल्यावर धाकटीने बाईंकडून त्याचा नंबर घेतला आणि बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन लावला. मी तिच्या काखेत होतो, ओलाचिंब. तिने आपण कोण ते सांगितले, भोकाचे सांगितले, ओलीचे सांगितले. पलीकडून तराजूच्या पारड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे माझा हात थरथरत नव्हता?" त्याने विचारले. "मी अजून साखर तोलताना बघत असतो, हात हलतोय का."

"तुमचा हात चांगला होता," ती म्हणाली. "तुमचा मोजाही चांगला होता. वाईट मोजा माझा होता. मला माफ करा."

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली. तिचा तळवा माझ्या अंगठ्यावर घट्ट आवळला गेला होता आणि त्यातून पाणी टपकत होते.

आता पेटीत हॉट प्लेटच्या शेजारी एक बारीक नळी बसवली आहे. तिच्यातून मोजून मापून ओल येते. फिल्म थोरल्याची येते, धाकटीची येते, नव्याने आलेल्या कुणाचीही येते. मंद उजेड ओळखणारा डोळा तयार होतो आहे. हातगुण हा शब्द आता त्या मजल्यावर कुणी काढत नाही. दुकानातला तो परत आला नाही. धाकटीने नव्या निबंधात त्याचे नाव घालू का म्हणून विचारले, तेव्हा तो नको म्हणाला. मला ह्या खुंटीवर ते रोज आठवते. माझे भोक सुईच्या टोकाएवढे आहे, आणि त्यातून एक माणूस निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी नेहमी सांगतात की आमची काळजी घ्या. माझी घेऊ नका, माझी आता गरज सरली. एवढेच करा. मोजे वेळच्या वेळी उतरवून पाण्याने भरून बघत जा. बिघडल्यावर सगळेच बघतात, तुम्ही सगळे उत्तम चालले असताना बघा. आणि कुणाला "तुझा हात चांगला नाही" असे म्हणायची वेळ आली, तर म्हणण्याआधी आपला मोजा नक्की तपासा.